पाचवा पाट

आठवीला अणूचा धडा आला की मी पुस्तक मिटते आणि पोरांना प्रयोगशाळेत नेऊन गोट्या खेळायला लावते. बजाजनगरातले पालक मोठे चौकस. शिफ्ट सुटली की शाळेच्या गेटवरच गाठतात, "बाई, पोरं शाळेत गोट्या खेळतात म्हणे?" मी सांगते, हो, खेळतात, आणि मी त्याचे मार्कही देते. पुढचं ऐकायला सहसा कुणी थांबत नाही.

प्रयोगशाळेत भिंतीलगत लांब टेबलं आहेत आणि त्यांवर पाच पाट. जेवायला बसायचा पाट असतो तसेच, पण बरेच मोठे आणि प्लायवूडचे. प्रत्येकाला खालून दुसरा प्लाय स्क्रूने घट्ट बसवलेला, दोन्हींच्या मध्ये गोटी आरामात घरंगळेल एवढी पोकळी. त्या पोकळीत मधोमध लाकडाचा एक आकार लपवलेला असतो. चारही बाजूंना सायकलच्या जुन्या ट्यूबची झालर सोडलेली आहे, म्हणजे गोटी आत जाते, नजर जात नाही. मुलांनी गोट्या सोडायच्या, कोणती आरपार गेली, कोणती कुठून परत आली ते खडूने पाटावर आखायचं, आणि आत काय आहे ते सांगायचं. झालर उचलायची नाही, स्क्रूला हात लावायचा नाही. शेवटी तरी उघडून दाखवा म्हणून गयावया करतात, पण मी दाखवत नाही. अणूचं झाकण काढून आत कुणी डोकावलेलं नाही, मग तुम्हालाच ती चैन कशाला?

कारण अणूची सगळी गोष्ट अशीच घडलेली आहे. आधी एकाने सांगितलं की तो भरीव गोटीसारखा आहे. मग दुसऱ्याने सांगितलं की तो तिळाच्या लाडवासारखा आहे, गुळात तीळ तसे त्यात इलेक्ट्रॉन रुतलेले. मग तिसऱ्याने सोन्याच्या पातळ पत्र्यावर बारीक कण सोडून पाहिले. बहुतेक आरपार गेले आणि एखादाच आल्या वाटेने उलट फिरला, तेव्हा कळलं की आत जवळजवळ सगळी पोकळीच आहे आणि मध्ये काहीतरी इवलंसं, पण भलतंच कठीण बसलेलं आहे. मग इलेक्ट्रॉनना फिरायला कक्षा आल्या. मग कक्षाही गेल्या आणि त्यांच्या जागी इलेक्ट्रॉनचा ढग आला. दर वर्षी या टप्प्यावर मागच्या बाकावरून कुणीतरी विचारतंच, "बाई, मंग आधीचे येडे व्हते का?" दर वर्षी माझं डोकं फिरतं. अरे, त्यांच्या हातात ज्या गोट्या होत्या त्या त्यांनी टाकल्या, आणि जे परत आलं ते प्रामाणिकपणे सांगितलं. तू तेवढं कर, मग येडे म्हण.

हे पाट आमच्या यांनी केलेले. हे मूळचे लासूर स्टेशनचे. वाळूजच्या एका कारखान्यात पॅटर्न शॉपला होते, म्हणजे लोखंड ओतण्याआधी त्या भागाचा जो हुबेहूब लाकडी नमुना लागतो तो करायचे. हात सोन्याचा, बोलणं मात्र नाही. मी शाळेतून आले की दिवसभराचं सगळं यांच्यासमोर ओतायची. मुख्याध्यापक काय म्हणाले, कुणी कॉपी केली, कुणाची आई भांडायला आली. हे दारात पाय सोडून बसायचे आणि बोटावर एक बेअरिंग फिरवत राहायचे. कंपनीच्या भंगारातली, लहानशी. खिशातच असायची. मी बोलतेय आणि ती आपली भिर्रर्र फिरतेय. माझं बोलणं संपलं की हे म्हणायचे, "व्हय." बस्स, एवढंच. सासरे गेल्याचं सांगितलं तरी व्हय आणि भाजीत मीठ जास्त पडलं म्हटलं तरी व्हय. मी वर्गात पोरांना "व्हय नाही, हो म्हणा" असं शिकवणारी, आणि घरी या एका शब्दाने माझा जीव खाल्ला.

चार पाटांत कोणते आकार हवेत ते मी यांना सांगितलं होतं. त्रिकोण, गोल, चौकोन आणि कोयत्यासारखा वाकडा. पाचवा यांनी आपल्या मनाने केला. माझ्यासमोर आणून ठेवला आणि म्हणाले, "घ्या बाई, हुडका. ह्याचं तुमालाबी नाय सांगणार." चेष्टेत आले की मला बाई म्हणायचे. त्याच सुमाराला यांच्या बोटावरची बेअरिंग दिसेनाशी झाली. मी मनात म्हटलं, सुटलं एकदाचं ते खूळ.

स्वयंपाक झाला की मी तो पाट ओट्याशेजारी घ्यायची आणि गोट्या सोडायची. एकदा म्हटलं, गोल आहे. हे म्हणाले, "व्हय." दुसऱ्या दिवशी गोट्या वेगळ्याच जागांवरून परत आल्या. म्हटलं, छे, चौकोन आहे हा. "व्हय." त्यानंतर एका संध्याकाळी एकामागून एक गोटी सरळ आरपार जायला लागली. मी वैतागून म्हटलं, अहो, यात काहीतरी बसवलंय का नुसता पोकळ पाट आणून दिलाय मला? तर त्यावरही हसून, "व्हय." मी गोट्या ताटलीत आपटल्या आणि आत निघून गेले. माझं तुम्ही कधी ऐकताच कुठे, असंही जाता जाता ऐकवलं. त्या आठवड्यात हे शिफ्टवरून आले, जेवले, जरा पाठ टेकतो म्हणाले. पाठ टेकली ती टेकलीच. डॉक्टर म्हणाले, हृदय.

तेव्हापासून चार पाटांची उत्तरं मला ठाऊक आहेत आणि पाचव्याचं ज्याला ठाऊक होतं तो माणूस नाही. उघडून का पाहिला नाही, असं कुणी विचारलं तर मी सांगते, मुलांना लावलेला नियम मीच कसा मोडू? हे लोकांना सांगायचं कारण झालं. खरं वेगळंच होतं. पाट उघडला आणि गोल निघाला, तर चौकोनावरचं व्हय खोटं. चौकोन निघाला, तर गोलावरचं खोटं. काहीही निघालं तरी एवढं मात्र सिद्ध होणार होतं की इतकी वर्षं मी बोलत होते आणि हे नुसती मान डोलावत होते. मला तो निकाल नको होता. स्क्रू ड्रायव्हर यांच्याच पेटीत आहे, वंगण लावून नीट ठेवलेला. त्याला मी हात लावला नाही.

पाट शाळेत आला आणि दर वर्षीची आठवी त्याच्यापुढे बसली. प्रत्येक तुकडीचं एकमत झालं की ते चित्र मी भिंतीवर लावते. इतर चार पाटांची चित्रं वर्षानुवर्षं तीच. पाचव्याचं मात्र दर वर्षी निराळं. एका वर्षी गोल, एका वर्षी चौकोन, एका वर्षी दोन वेगवेगळे तुकडे, एका वर्षी पाण्यात भोवरा पडावा तसं काहीतरी, ज्याला मुलांना नावच देता येईना. सुरुवातीला मला वाटायचं, पोरांचा धसमुसळेपणा. पण तीच पोरं बाकीचे चार पाट बरोबर ओळखत होती. पुढे पुढे मी त्या भिंतीकडे पाहायचं टाळू लागले. चित्रं ओळीने पाहत गेलं की आतलं काहीतरी दर वर्षी कूस बदलतंय असं वाटायचं.

मग आवाज सुरू झाला. गोटी आत गेली की घरंगळण्याचा आवाज येतो, मध्येच टक्, की पुन्हा घरंगळणं, आणि गोटी बाहेर. पुढे शांत. हे सगळ्याच पाटांचं. पाचव्यात मात्र अलीकडे गोटी बाहेर आल्यावरही आवाज थांबेना. फार बारीक, दूरच्या घरात कुणी जातं ओढत असावं तसा. मुलांच्या हे माझ्याआधी लक्षात आलं. चेकाळलेला वर्ग त्या टेबलाशी आला की आपोआप दबकायचा. काही गोट्या गेल्या त्याहून जोरात बाहेर यायच्या, आतून कुणी टिचकी मारावी तशा. एक पोरगा झालरीला तोंड लावून म्हणाला, "आत कोन हाय?" सगळे हसतील म्हणून त्याने मागे पाहिलं. कुणीही हसलं नाही.

शाळेत झाडलोट करणाऱ्या मावशींनी त्या टेबलाखाली झाडू घालणं सोडलं. मी हटकलं तर म्हणाल्या, "बाई, त्या पाटात कुनीतरी हाय. तुमी शिकल्या-सवरल्या, तुमाला दिसायचं नाय." दुसऱ्या सकाळी येऊन पाहते तर पाचव्या पाटावर हळदीकुंकू वाहिलेलं. माझा पारा असा चढला! विज्ञानाच्या प्रयोगशाळेत, अणूच्या प्रयोगावर, हळदीकुंकू! मावशींना चार शब्द सुनावले आणि ओल्या फडक्याने पाट घासून काढला. कुंकू गेलं. हळदीचा डाग प्लायमध्ये मुरला तो अजून आहे.

आणि तो दिवस. कंपन्यांना सुटी होती, शाळा मात्र होती. एरवी शाळेच्या कुंपणापलीकडच्या कारखान्यातली प्रेस धप्प धप्प पडत असते, आणि प्रत्येक ठोक्याला प्रयोगशाळेतल्या परीक्षानळ्या किंचित किणकिणतात. आम्हाला त्याची इतकी सवय की तो आवाज थांबला की कानांना दडे बसल्यासारखं वाटतं. शाळा सुटून गेली होती. खिडकीतून चारचं ऊन टेबलावर आलं होतं. मी बेसिनशी उभी राहून नळ्या धूत होते. सकाळी एक हिरवी गोटी आतच अडकली म्हणून मुलं कुरकुरत गेली होती, ते माझ्या डोक्यातही नव्हतं.

पाठीमागे जातं ओढल्याचा आवाज सुरू झाला.

मी नळ बंद केला. आवाज चालूच. मग टक्. मी वळून पाहिलं. पाचव्या पाटाची झालर हलली आणि तिच्याखालून हिरवी गोटी बाहेर आली. घाईने नाही, आपल्या चालीने. टेबलाच्या कडेपर्यंत आली, खाली पडली आणि घरंगळत माझ्या चपलेशी येऊन थांबली. झालर तेवढी हलत राहिली.

माझ्या तोंडून निघालं, "अहो?"

इतकी वर्षं मुलांना पुरावा पुरावा म्हणून कानीकपाळी ओरडणारी मी, रिकाम्या खोलीत एका प्लायवूडच्या पाटाला अहो म्हणून हाक मारून उत्तराची वाट पाहत उभी राहिले. उत्तर आलं नाही. पंखा, दिवे सगळं तसंच टाकून मी कुलूप लावलं आणि घरी आले. नंतर पुष्कळ विचार केला. जमीन हादरली असेल म्हणावं, तर प्रेस बंद होती. वारा म्हणावा, तर पाट खिडकीपासून लांब. त्या गोटीचं मला आजही उलगडलेलं नाही. मावशींना मी ते कधी सांगितलं नाही. त्यांच्यासमोर चार शब्द बोलायची माझी सोय गेली असती.

यंदाच्या आठवीत एक मुलगी आहे. गंगापूरच्या पलीकडून आलेली. आजोबा अजून मेंढरं घेऊन रानोमाळ फिरतात, वडील इथे कंपनीत माल उतरवायला जातात. वर्गात फारसं बोलत नाही. बोलली की असं बोलते की दोनदा विचार करावा लागतो. पाचवा पाट तिच्या गटाकडे आला आणि नेहमीप्रमाणे भांडण जुंपलं. एक म्हणे गोल, दुसरा म्हणे आत काहीच नाय, तिसरा दोघांनाही येड्यात काढत होता. ही पाटावर कान ठेवून डोळे मिटून बसलेली. मला क्षणभर राग आला, झोपली की काय ही!

मग उठली आणि म्हणाली, "बाई, दोन पट्ट्या देता का?"

मी दोन लाकडी फूटपट्ट्या दिल्या. तिने त्या पाटासमोर शेजारी शेजारी ठेवल्या, मध्ये गोटी जाईल एवढी गल्ली सोडली, आणि चिकटपट्टीने टेबलाला चिकटवल्या. त्या गल्लीतून एकच गोटी ती पुन्हा पुन्हा सोडू लागली. एकदा गोटी आरपार गेली. तीच गोटी, तीच गल्ली, पुन्हा सोडली तर उलटी आली. पुन्हा सोडली तर डाव्या बाजूने बाहेर. इतर टेबलांवरची मुलंही सरकत सरकत येऊन उभी राहिली.

"वाट तीच हाय बाई," ती म्हणाली. "गोटीबी तीच हाय. मंग आतलंच जागा बदलतंय."

"म्हणजे?" मी विचारलं. माझा आवाज मलाच वेगळा वाटला.

"ते ठोकलेलं नाय. खुट्याला बांधल्यावानी फिरतंय. आमचं करडू फिरतं तसं. एक पट्टी असंल, लांबडी. आडवी आली की गोटी अडती, उभी झाली की निसटून जाती. आन् गोटी लागली की ती आजूक फिरती. म्हंजे आपुन बघायला गेलो की ते हललंच." तिने क्षणभर विचार केला. "म्हून पोरास्नी गोल वाटलं. फिरतं ते गोलच वाटनार."

तिने बाजूला सरकून जागा केली. मी भर वर्गात, पदर खोचून, हळदीच्या डागावर कान ठेवला. तिने गल्लीतून गोटी सोडली. घरंगळणं, टक्, पुन्हा घरंगळणं. गोटी पलीकडे कुणीतरी झेलली. आणि मग तो बारीक आवाज. एवढ्या जवळून ऐकल्यावर तो जात्याचा राहिला नाही. मी तो ओळखला. वर्षानुवर्षं दररोज संध्याकाळी, माझ्या बडबडीच्या पाठीमागे, दारातून यायचा तोच. फक्त वंगण सुकल्यामुळे कोरडा पडलेला.

म्हणजे यांनी आपली बेअरिंग यात घातली होती, पट्टी तिच्यावरच फिरत होती. बोटावरून काढून माझ्या पाटात घातली. गोल म्हटलं तेव्हा ते बरोबर होतं. चौकोन म्हटलं तेव्हा मी टाकलेल्या गोट्यांपुरतं तेही बरोबर होतं. काही नाहीच म्हटलं त्या संध्याकाळी पट्टी गोटीच्या वाटेला समांतर उभी असणार, म्हणून तेही. हे प्रत्येक वेळी नीट ऐकत होते. विचार करत होते. मग खरं तेच सांगत होते, आणि ते एका शब्दात मावत होतं त्याला माझा इलाज नव्हता. इतकी वर्षं मी ज्या माणसावर रुसून बसले होते, त्याने मला एकदाही टाळलं नव्हतं. मला रडू आलं. मुलांसमोर आलं, ते मी लपवलंही नाही. मी तशीच कान लावून राहिले.

पोरांना धीर कुठला. "बाई, मंग कुनाचं बरोबर? गोलवाल्यांचं का हिचं?" एकाने भिंतीकडे बोट केलं. "आन् ते चौकोनवाले? ते येडे व्हते ना?" दुसरा म्हणाला, "आन् आत काहीच नाय म्हनलं ते? तेबी बरोबर का बाई?"

"व्हय," मी म्हटलं.

वर्गात एकदम हशा फुटला. बाई व्हय म्हनल्या, बाई व्हय म्हनल्या, असं एकमेकांना सांगत सुटले. तो शब्द माझ्या तोंडून आला खरा, पण मी तो उच्चारला असं मला वाटलं नाही. तो ठेका माझा नव्हता, शेवटी किंचित हसणं होतं तेही माझं नव्हतं. मी सरळ उभी राहिले, डोळे पुसले आणि सगळ्यांना गोट्या गोळा करून डब्यात टाकायला सांगितलं. गोट्या मोजून भरल्या, डब्याला झाकण लावलं, डबा कपाटात गेला. भिंतीवरच्या जुन्या चित्रांतलं एकही काढायचं नाही, असं मी बजावलं. यंदाचं नवं चित्र त्यांच्याच रांगेत लागेल.

घंटा झाली. मुलं दप्तरं उचलून निघाली. ती मुलगी तेवढी पाटावर कान टेकून अजून बसली होती.

"चल," मी म्हटलं. "तास संपला."

तिने हातानेच मला थांबायची खूण केली.

"आजूक फिरतंय बाई," ती म्हणाली. "थांबलंच नाय."